घरच्या संगणकाचा राखणदार बदलावा का?

बहुतेक व्यापारी कुटुंबांत अँटीव्हायरसची आठवण वर्षातून एकदाच होते. संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवते, मुदत संपण्यास पंधरा दिवस उरल्याचे सांगते, आणि त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांचे मत असे की, इतकी वर्षे ज्याने सांभाळले त्यालाच पुढे ठेवावे, चार पैसे जातात ते जाऊ द्यावेत. शिकून परतलेला मुलगा म्हणतो, ''बाबूजी, आता विंडोजमध्येच सगळं असतं. हे काढून टाका, मशीन तरी जरा पळेल.'' एखादा भाचा तिसऱ्याच कंपनीचे नाव सुचवितो, कारण त्याच्या मित्राकडे ते फुकट चालते. वाद मिटत नाही, चौकट रोज उगवत राहते, आणि शेवटच्या दिवशी एक तर घाईघाईने जुन्याचेच नूतनीकरण होते किंवा काहीच होत नाही.

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. आपल्याकडे घरचा संगणक हा केवळ मुलांच्या अभ्यासाचा किंवा करमणुकीचा नसतो. तो पेढीचाच एक भाग असतो. दुकान बंद झाल्यावर त्याच्यावर टॅलीत नोंदी होतात, जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात, नेटबँकिंग चालते. उधारीची येणी, आयकराचे दाखले, घराच्या खरेदीखताच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि लग्नकार्यांची छायाचित्रे एकाच डब्यात ठेवलेली असतात. पूर्वी वह्या लाल कापडात बांधून रात्री तिजोरीत जात आणि किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे साऱ्या घराला ठाऊक असे. आज ती किल्ली ज्या सॉफ्टवेअरच्या हाती आहे, त्याची निवड मात्र आपण दुकानदाराच्या शिफारशीवर किंवा भाच्याच्या मित्रावर सोपवितो.

वडीलधाऱ्यांच्या आग्रहामागे एक खरा इतिहास आहे, तो आधी लक्षात घ्यावा. वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला प्रसिद्ध व्हायरस, 'ब्रेन', १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे फ्लॉपीच्या दिवसांची होती. एका दुकानातील फ्लॉपी दुसऱ्या दुकानात गेली की तिच्याबरोबर व्हायरसही जाई, आणि विंडोजमध्ये त्याला अडविणारे काहीही नसे. अँटीव्हायरस वेगळा विकत घेणे ही तेव्हा गरजच होती. या गरजेतूनच नव्वदच्या दशकात पुण्यात 'क्विक हील' उभी राहिली. कैलास काटकर हे मुळात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कारागीर आणि धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्राचे विद्यार्थी. दुरुस्तीला आलेल्या संगणकांत पुन्हा पुन्हा तोच रोग दिसे, म्हणून संजय यांनी त्यावर औषध लिहिले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. महाराष्ट्रातल्या कितीतरी दुकानांत संगणक आणि तिचे खोके एकाच दिवशी आले असतील.

मुलाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आपला मोफत अँटीव्हायरस प्रथम दिला, तो वेगळा उतरवून घ्यावा लागे. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो 'डिफेंडर' या नावाने संगणकात बसवूनच येऊ लागला. प्रारंभीची काही वर्षे स्वतंत्र चाचण्यांमध्ये त्याचा क्रमांक तळाशी असे, आणि ''फुकटचे ते फुकटचेच'' हा जाणकारांचा शेरा त्या काळात बरोबरच होता. परंतु गेल्या काही वर्षांत चित्र पालटले. जर्मनीतील मॅग्डेबर्गची 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची 'एव्ही-कंपॅरेटिव्हज' या संस्था वर्षभर नियमाने अशा सॉफ्टवेअरची परीक्षा घेतात आणि निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. त्या निकालांत डिफेंडर आज पैसे देऊन घेतलेल्या नामांकित सॉफ्टवेअरच्या पंक्तीत बसतो. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. इंटरनेट चालू असताना तो जितका समर्थ असतो तितका बंद असताना नसतो, कारण संशयास्पद फाइलविषयी तो मायक्रोसॉफ्टच्या दूरस्थ संगणकांना विचारून निर्णय घेतो. ज्या गोदामात इंटरनेट नाही आणि सारा व्यवहार पेनड्राइव्हवर चालतो, तिथे ही उणीव मोठी ठरते.

हे राखणदार काम कसे करतात ते बँकेच्या भाषेत सांगता येईल. आमच्या शाखेत 'स्टॉप पेमेंट'ची नोंदवही असे. हरवलेल्या किंवा चोरीस गेलेल्या धनादेशांचे क्रमांक तीत लिहिलेले असत, आणि काउंटरवर आलेला प्रत्येक धनादेश तिच्याशी ताडून पाहिला जाई. जुने अँटीव्हायरस नेमके असेच चालत. ज्ञात व्हायरसांची यादी, आणि प्रत्येक फाइलची तिच्याशी तुलना. रोजचे अपडेट म्हणजे त्या वहीतल्या नव्या नोंदी. पण आजच काढलेल्या बनावट धनादेशाचा क्रमांक वहीत कसा असणार? तिथे अनुभवी रोखपाल कामी येई. माणूस घाबरला आहे का, रक्कम खात्याच्या सवयीला धरून आहे का, हे तो पाहत असे. आजचे अँटीव्हायरस हेही करतात. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाइली एकामागून एक बदलू लागला, तर यादीत त्याचे नाव असो वा नसो, त्याला थांबविण्याचा प्रयत्न होतो. रोखपाल कितीही अनुभवी असला तरी कधी ना कधी फसतो, हेही बँकेत बसलेल्या कोणालाही ठाऊक असते.

माझ्या परिचयातील एका कापडव्यापारी कुटुंबात काही वर्षांपूर्वी असेच घडले. खरेदीच्या ऑर्डरचे पत्र म्हणून ई-मेलला जोडलेली फाइल मुनीमजींनी उघडली. अँटीव्हायरस पैसे भरलेला होता, मुदतीत होता, हिरवी खूण दाखवीत होता. सकाळी टॅलीतील एकही फाइल उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी एक चिठ्ठी पडलेली. साठ-सत्तर गावांतल्या दुकानदारांकडची येणी त्या नोंदींत होती. मोठे भाईसाहेब तर ''जे मागतात ते देऊन टाका'' या निर्णयापर्यंत आले होते. तेवढ्यात सूनबाईंना आठवले की, लेखापरीक्षणासाठी त्यांनी महिन्यापूर्वी सगळी कंपनी पेनड्राइव्हवर घेऊन सीएंकडे दिली होती. ती प्रत सीएंच्या टेबलाच्या खणात तशीच पडलेली होती. एका महिन्याच्या नोंदी बिलांवरून पुन्हा कराव्या लागल्या, खंडणी द्यावी लागली नाही. त्या घरात आज कोणता अँटीव्हायरस आहे हे मला ठाऊक नाही. पण दर शनिवारी सूनबाई बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतात आणि डिस्क काढून कपाटात ठेवतात, हे मात्र मी पाहिले आहे.

म्हणून 'बदलावा का' याच्याआधी 'तो चुकला तर माझ्याकडे काय उरेल' हा प्रश्न येतो. संगणकाला न जोडलेली, अलीकडची, एकदा तरी उघडून पाहिलेली प्रत नसेल, तर दोन अँटीव्हायरसमधल्या तुलनेला फारसा अर्थ राहत नाही. न जोडलेली हा शब्द महत्त्वाचा. कायम जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रॅमला संगणकाचाच भाग वाटते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याला आत जाता येत नाही. अँटीव्हायरसला मात्र आपण दोन्ही किल्ल्या देतो. त्याला प्रत्येक फाइल वाचता येते, कोणताही प्रोग्रॅम बंद पाडता येतो, आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे दिसते, आणि बाहेरच्या जगाशी संपर्कही ठेवता येतो. त्याशिवाय त्याला काम करताच येणार नाही. अँटीव्हायरस बदलणे म्हणजे या किल्ल्या एका परक्या माणसाकडून काढून दुसऱ्या परक्याला देणे, आणि तो दुसरा कोण आहे याची चौकशी आपण नोकर ठेवताना करतो तेवढी तरी केली पाहिजे.

चौकशी केली तर काही उद्बोधक गोष्टी हाती लागतात. प्रागमध्ये जन्मलेला 'अव्हास्ट' हा मोफत अँटीव्हायरस जगभर कोट्यवधी लोकांनी वापरला. तो फुकट कसा परवडतो हा प्रश्न व्यापाऱ्याच्या मनात तरी यायला हवा होता. ग्राहक कोणकोणती संकेतस्थळे पाहतात याची माहिती त्याच्या 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकली जात होती. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावून जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. भाच्याच्या मित्राचे फुकट सॉफ्टवेअर या कंपनीचे आहे की दुसऱ्या कोणाचे, हे मला सांगता येणार नाही. पण माल फुकट असेल तर दुकानाचे भाडे कोण भरतो, हे विचारण्याची सवय आपल्याला आहेच.

'कॅस्परस्की'ची हकीकत वेगळी आहे. मॉस्कोच्या या कंपनीचे काम तांत्रिकदृष्ट्या उत्तम गणले जाई. परंतु रशियन सरकार तिच्यावर दबाव आणू शकेल या भीतीने अमेरिकेने जून २०२४ मध्ये तिच्यावर बंदी जाहीर केली. २० जुलैपासून नवी विक्री बंद आणि २९ सप्टेंबरपासून अपडेटही बंद. कंपनीने आरोप फेटाळले. पण पुढे जे झाले ते ग्राहकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. सप्टेंबरमध्ये अनेक अमेरिकन ग्राहकांनी संगणक सुरू केला, तर जुना अँटीव्हायरस गायब, आणि त्याच्या जागी 'अल्ट्राएव्ही' नावाचे अनोळखी सॉफ्टवेअर आपणहून येऊन बसलेले! राखणदाराने जाताना किल्ल्या परस्पर दुसऱ्याच्या हाती दिल्या होत्या.

आणखी एक गंमत. नॉर्टनला कंटाळून अव्हास्टकडे, अव्हास्टवरून एव्हीजीकडे किंवा अविराकडे जाणाऱ्याला वाटते की आपण दुकान बदलले. अव्हास्टने एव्हीजी २०१६ मध्येच घेतली होती, अविरा पुढे नॉर्टनकडे गेली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नॉर्टन आणि अव्हास्ट एकत्र येऊन 'जेन डिजिटल' ही एकच कंपनी झाली. चार पाट्या, एक मालक.

राखणदाराच्या हातून प्रामाणिकपणेही नुकसान होते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस समजून दूर केली, आणि असंख्य कार्यालयांतील संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊ लागले. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक'च्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक हे घरगुती सॉफ्टवेअर नव्हे, पण तत्त्व तेच. जितका अधिकार मोठा, तितकी चूक महाग. यावरून अँटीव्हायरस नकोच असे मुळीच म्हणावयाचे नाही. एकाच्या जागी दोन ठेवले की दुप्पट सुरक्षा मिळते हा समज मात्र सोडावा. दोघे एकमेकांच्या कामाला संशयाने अडवितात आणि संगणक बैलगाडीच्या गतीने चालू लागतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्याकडे या सगळ्या वादात कोणाचेच लक्ष नसते: खुद्द विंडोजचे वय. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने सुमारे दीडशे देशांतील संगणक कुलूपबंद केले, ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिले होते. ज्यांनी ते घेतले ते वाचले.

विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. इथे एक फसवी गोष्ट आहे. डिफेंडरच्या याद्या विंडोज १० वर २०२८ पर्यंत येत राहतील असे कंपनीने सांगितले आहे, त्यामुळे संगणक हिरवी खूण दाखवीतच राहील. पण नव्या नोंदी वहीत चढणे वेगळे आणि भिंतीचे भगदाड बुजणे वेगळे. इतर कंपन्यांचे अँटीव्हायरसही जुन्या विंडोजवर चालतील, नूतनीकरणाचे पैसेही आनंदाने घेतील. चौकट कुजलेली असताना दाराला नवे कुलूप लावण्यासारखे ते होईल. विंडोज ११ साधारणतः २०१७-१८ च्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतरीत्या बसत नाही. ज्या घरात संगणक त्याहून जुना आहे, तिथे अँटीव्हायरसवर तीन वर्षांचे पैसे एकदम भरण्यापेक्षा ती रक्कम नव्या संगणकासाठी बाजूला ठेवणे अधिक शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यावर बँकेचे व्यवहार होतात त्या संगणकाला दहा वर्षे चालविण्यात काटकसर नाही.

मग पैसे देऊन अँटीव्हायरस कोणी ठेवावा? विंडोज ताजे आहे, संगणक घरचेच दोघे-तिघे वापरतात, इंटरनेट कायम आहे, कुठूनही काहीही उतरवून घेण्याची सवय नाही, अशा घराला डिफेंडर पुरेसा आहे आणि मुलाचे म्हणणे मान्य करावे. पण त्याच संगणकावर मुनीमजी, प्रवासी विक्रेते, शेजारची मुले असे सगळे बसत असतील, दिवसाला चार पेनड्राइव्ह लागत असतील, किंवा ज्येष्ठ मंडळी एकटी राहत असून अडचण आल्यास फोनवर आपल्या भाषेत बोलणारा माणूस हवा असेल, तर नामांकित कंपनीला दिलेले पैसे वाया जात नाहीत. तिथे आपण खरे म्हणजे फोनच्या पलीकडच्या माणसाचा पगार देतो, आणि वृद्धांच्या घरी त्याची किंमत मोठी असते. याउलट जिथे चोरीचे, 'क्रॅक' केलेले सॉफ्टवेअर वापरले जाते, तिथे या चर्चेलाच अर्थ नाही. ते बसविताना ''आधी अँटीव्हायरस बंद करा'' अशी सूचना असते, आणि घरमालकच राखणदाराला रजा देऊन चोराला दार उघडतो.

आणि जे काम कोणताच अँटीव्हायरस करू शकत नाही, त्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. फोनवर सांगितलेला ओटीपी तो परत घेऊ शकत नाही. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असली, तर ती पत्रिका नसून मोबाइलमध्ये शिरणारा प्रोग्रॅम असतो. संगणकावरच्या अँटीव्हायरसचा त्याच्याशी काही संबंध येत नाही. आपल्याकडे लग्नसराईत रोज पाच-सात पत्रिका येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. तसेच नूतनीकरणाच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीचे. ''आपल्या खात्यातून अँटीव्हायरसचे इतके हजार वळते झाले आहेत, रद्द करावयाचे असल्यास या क्रमांकावर बोला'' असे बिल ई-मेलने येते. घाबरून फोन केला की पलीकडचा सभ्य माणूस 'परतावा देण्यासाठी' एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावयास सांगतो, आणि मग संगणक त्याच्या ताब्यात जातो. रिझर्व्ह बँकेने याविषयी फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. नूतनीकरणाची तारीख केवळ सॉफ्टवेअर उघडून त्याच्या आतच पाहावी, ई-मेलवर कधीही विश्वासू नये. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर आणि बँकेला त्याच दिवशी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर भार येत नाही. स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर मात्र कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच राहते. 'घरच्यांना विचारून सांगतो' यात किती दिवस जातात, ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

बदलावयाचे निश्चित झाले, की वेळ निवडावी. जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या तोंडावर, आयकराच्या शेवटच्या आठवड्यात किंवा दिवाळीच्या हिशेबांत हे काम काढू नये. रविवारची सकाळ उत्तम. प्रथम टॅलीच्या बॅकअपच्या पर्यायातून प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी आणि डिस्क काढून ठेवावी. नवे सॉफ्टवेअर पैसे देऊन घ्यावयाचे असेल तर त्याची परवाना-किल्ली हाती असू द्यावी, ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावे. मग जुने काढावे. साध्या पद्धतीने काढल्यावर पुष्कळदा त्याचे अवशेष मागे राहतात आणि नव्याशी भांडतात; म्हणून बहुतेक कंपन्या ते समूळ काढण्याचे छोटे साधन मोफत देतात, ते चालवून संगणक एकदा बंद-सुरू करावा.

जुने गेले की डिफेंडर साधारणतः आपणहून जागा होतो. तरीही 'विंडोज सिक्युरिटी' उघडून खात्री करावी, कारण जुना गेला आणि नवा अजून आला नाही हा मधला काळच धोक्याचा. तेवढ्या वेळात ई-मेल उघडू नये, पेनड्राइव्ह लावू नये. डिफेंडरच ठेवावयाचा असेल तर त्यात 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' ही सोय आहे. ती मुळात बंद असते. चालू केल्यास परवानगी नसलेला प्रोग्रॅम निवडलेल्या फोल्डरमधील फाइली बदलू शकत नाही, आणि खंडणीखोर प्रोग्रॅमला हाच अडथळा होतो. टॅलीचे फोल्डर त्यात घालताना टॅलीलाही परवानगी द्यावी लागते, नाहीतर पहिलीच नोंद करताना ती अडखळते आणि घरात नव्या व्यवस्थेची बदनामी सुरू होते.

नंतर एकदा संपूर्ण तपासणी लावून द्यावी, तिला दोन-तीन तासही लागू शकतात. त्याच दिवशी एक बिल छापून पाहावे, डिजिटल सहीचे टोकन लावून ते ओळखले जाते का पाहावे, बँकेचे संकेतस्थळ उघडते का पाहावे. नव्या राखणदाराने टॅलीच्या एखाद्या फाइलला संशयित ठरविले, तर तेवढ्याच फोल्डरला सूट द्यावी. संगणक दुरुस्त करणारा मुलगा घाईत संपूर्ण डी ड्राइव्हला सूट देऊन मोकळा होतो, ते करू देऊ नये.

राहता राहिला पैशांचा शेवटचा धागा. अनेक कंपन्या पहिले वर्ष स्वस्त देतात आणि पुढच्या वर्षी कार्डावरून आपणहून दुप्पट-तिप्पट वळते करतात. सॉफ्टवेअर काढून टाकले म्हणून ही वसुली थांबत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आवर्ती वसुलीची सूचना बँकेने ग्राहकाला किमान चोवीस तास आधी देणे बंधनकारक आहे, आणि त्या सूचनेतच नकार देण्याची सोय असते. १५ हजार रुपयांपर्यंतची वसुली मात्र ओटीपीशिवाय होते, आणि अँटीव्हायरसचे बिल नेहमी याच मर्यादेत बसते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या स्थायी सूचनांची यादी उघडून जुन्या कंपनीची सूचना रद्द करावी, आणि पुढील दोन महिन्यांच्या पत्रकांत तिचे नाव पुन्हा उगवले नाही ना, हे पाहावे.